धमनीतला फुगा

“पण इंजेक्शन घ्यायला हरकत काय आहे, बाबा?”

निशिकांतने पुन्हा विचारलं. केवलगिरी बाबा पारावर बसून चहा फुंकत होते. टेकडीवरच्या त्या मठात उत्तराची घाई एकट्या निशिकांतलाच होती.

बाबांच्या पोटातल्या मोठ्या धमनीला फुगा आला होता. शहरातले डॉक्टर म्हणाले, लहान आहे, इतक्यात शस्त्रक्रिया नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बाबांनी मान डोलावली आणि परत येऊन वांग्यांना पाणी घातलं.

झोप उडाली ती निशिकांतची. आईवडिलांमागे बाबांनीच त्याला वाढवलं होतं, आणि प्रयोगशाळेतलं त्याचं सगळं संशोधन नेमकं अशाच फुग्यांवर होतं. नशीब कधीकधी फारच चेष्टा करतं.

त्यात वाट बघणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मठात आल्या आल्या त्याने बाबांचं टेकडी उतरणं बंद केलं, भजन बंद केलं, बादली उचलणं बंद केलं. जरा वेळ गेला की येऊन पोट चाचपायचा. मठातली मांजरंही त्याला बघून वाट बदलू लागली होती.

“तुझं औषध करतं काय, ते सांग,” बाबा म्हणाले.

त्याने भराभर सांगितलं. धमनीच्या भिंतीत इलॅस्टिनचे तंतू असतात. प्रत्येक ठोक्याला धमनी ताणली जाते आणि हे तंतू तिला परत जागेवर आणतात. शरीर ते लहानपणीच विणून ठेवतं, पुढे झिजले की नवे धड होत नाहीत. मग भिंत फुगत जाते आणि एखाद्या दिवशी फुटते. त्याचं औषध उरलेल्या तंतूंना चिकटून त्यांची झीज थांबवत होतं. उंदरांमध्ये. माणसाला अजून कुणी दिलेलं नव्हतं.

“उंदरांचा फुगा गेला?”

“गेला नाही... वाढायचा थांबला.”

“आणि तेवढं तुला पुरलं नाही.”

खरं तेच होतं. नुसतं थांबणं त्याला हरल्यासारखं वाटलं होतं, म्हणून त्याने मात्रा वाढवली होती.

“मग?”

“धमन्या कडक झाल्या. ताणल्याच जाईनात.”

“आणि उंदीर?”

“मेले.”

उंदीरच मुळात अशक्त होते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. ती बाबांपुढे बोलून दाखवायचा मात्र धीर होईना.

“आज कोणती मात्रा आणलीस?”

“वाढवलेली. मला तुम्ही हवे आहात, बाबा. नुसतं बघत बसणं मला जमत नाही.”

बाबांनी कफनीची बाही वर सारली.

“दे.”

निशिकांत गडबडला. नकाराला द्यायची सगळी उत्तरं त्याने घोकून ठेवली होती, होकाराला त्याच्याकडे एकही उत्तर नव्हतं.

“टोचायच्या आधी नाडी बघतात ना?” बाबांनी डावा हात पुढे केला. “बघ.”

त्याने मनगट धरलं. ठोका लागेना. त्याने बोटं दाबली... लागेना. आणखी दाबली.

“लागत नाही... बाबा, नाडी लागत नाही...”

ज्यांची नाडी लागत नव्हती ते बाबा समोर बसून उजव्या हाताने चहाचा शेवटचा घोट घेत होते. पण निशिकांतला ते दिसेल तर ना. त्याचं सगळं लक्ष बोटांत होतं, आणि तीही पांढरी पडली होती. मनगटात नखं रुतली तरी तो दाबतच होता.

बाबांनी कप खाली ठेवला आणि दुसरा हात त्याच्या बोटांवर ठेवला.

“सोडू नकोस...” ते म्हणाले. “इतकं दाबलंस तर ती कशी लागेल? सैल धर.”