गावाचे खांदे कोरणारा जेठा

खडकवण्याला यायला धड पायवाटही नव्हती आणि जाखमातेच्या डोक्यावर नुसतं गवताचं छप्पर होतं, त्या फार जुन्या काळातली ही हकीकत. तिकडे काठेवाडात मोठा दुष्काळ पडला. देवळं बांधणाऱ्यांना कोणी काम देईना. तेव्हा जेठा नावाचा एक मूर्तिकार बायकोला, मोंघीला, घेऊन गलबतात बसला, कोकणातल्या बंदरात उतरला, घाट चढला आणि खडकवण्यात आला.

गावाला देवीचं दगडी देऊळ बांधायचंच होतं. बयाजी पाटलांनी जेठाला काम दिलं. पण त्याचा हात त्याच्या मुलखातल्या मऊ, पिवळ्या दगडाला सरावलेला. इथला काळा पाषाण त्याला जुमानेना. पहिल्याच घावाला छिन्नी मोडली. बाया हसल्या, मोंघीही हसली. मग जेठा दगडाला कान लावून बसू लागला, आणि घाव कुठे घालायचा ते दगडच त्याला सांगू लागला. जेठाला मराठीच्या आधी दगडाची भाषा आली, असं म्हणतात.

भिंती उठल्या, खांब उभे राहिले. खांबांच्या माथ्यावर छत पेलणारे बुटके यक्ष कोरतात, त्यांना कीचक म्हणतात. जेठानं ते कोरले आणि गाव बघायला लोटलं. बघतात तर एका खांबावर ठकू तेलीण, गाल फुगवून. दुसऱ्यावर म्हादू धनगर. आणि देवीच्या अगदी समोर खुद्द बयाजी पाटील, पोट सुटलेलं, डोळे वटारलेले, खांद्यावर छताचा भार.

सगळे हसले, पाटील सोडून.

"मी काय हमाल आहे?" पाटील म्हणाले. "हे तोंड फोड, नाहीतर चंबूगबाळं उचल आणि आपल्या मुलखात जा."

मोंघीनं भांडी बांधायला घेतली. तिला दिवस गेले होते, आणि परत जायला मुलखात घर उरलं नव्हतं. जेठा हात जोडून म्हणाला, "फोडीन, पाटीलबावा. पण मग छत कोण धरेल? देवी नाय धरत. गाव धरे, तर छत रहे."

पाटलांनी जत्रेपर्यंत मुदत दिली.

जत्रेच्या दुपारी सगळं गाव देवळात दाटीनं बसलं होतं, आणि धरणी हलली. घंटा आपोआप वाजू लागल्या, छताच्या शिळा कुरकुरल्या. असं म्हणतात, की तेव्हा कीचकांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, गुडघे वाकले, आणि त्यांनी छत वीतभर वर उचललं. कोपऱ्यातल्या एका खांबावर मात्र कीचक कोरायचा राहिला होता. तिथे जेठानं स्वतःचा खांदा लावला. शेवटची म्हातारी बाहेर पडली, तेव्हाच छत अलगद परत खांबांवर बसलं.

दुसऱ्या दिवशी गावात एकाचाही हात धड वर होईना. सगळ्यांचे खांदे भरून आले होते. ठकू तेलीण बुधला घेऊन घरोघरी तेल चोळत फिरली. पाटील जेठाच्या झोपडीत आले. घास भरवायलाही त्यांना पाटलीणबाई लागत होत्या.

"जेठा, तोंड राहू दे," ते हळूच म्हणाले. "पोट तेवढं जरा कमी कर."

"पोट राहील, पाटीलबावा," जेठा म्हणाला. "जोर सगळा तिथेच हता."

पाटील इतके हसले, की खांदा पुन्हा दुखावला. पुढे मोंघीला मुलगी झाली, तेव्हा पाळणा पाटलांच्या घरून आला.

कोपऱ्यातल्या खांबावर जेठानं आपला चेहरा कोरावा, असा गावानं फार आग्रह केला. तो ऐकेना. "जागा रिकामी ठेवा," म्हणाला. "अजून कोणी कोणी येशे."

म्हणून खडकवण्यात आजही नवी सून आली, नवे मास्तर आले, पुलाच्या कामावर लांबच्या मुलखातले गवंडी आले, की त्यांना त्या खांबाशी नेतात. ठकूच्या घरची बाई त्यांच्या खांद्याला तेल लावते, ते खांबाला खांदा टेकतात, आणि जमलेली मंडळी म्हणतात, "जेठाच्या नावानं, आता तू गावचं माणूस." तेलानं तिथला दगड आरशासारखा झाला आहे. आईबापांबरोबर आलेल्या पोरांसाठी खाली, कमरेइतक्या उंचीवर, आणखी एक जागा गुळगुळीत झाली आहे.