पालथी सहाण

जात्यावरच्या ओव्यांनी दिवस उगवायचा, त्या काळची गोष्ट. बाळगुटी उगाळायची एक सहाण होती. बाळ कुरकुरलं, म्हणून आईनं वेखंडाचा एक वळसा उगाळला. त्यानं पोटात कळ आली, म्हणून मुरडशेंग उगाळली. तिनं झोप उडाली, म्हणून जायफळाचे चार वळसे! आता बाळ इतकं पेंगुळलं, की दूधही ओढेना. सहाणेचं काळीज हललं. ती गुटीतल्या औषधांना म्हणाली,

"बाबांनो, पुरे! एकानं केलेलं निस्तरायला दुसरा, हे काय?"

"मग आम्ही नुसतं बसायचं?" जायफळ फुगलं.

"खरी गरज असली तरच यायचं, जायफळदादा," म्हणत सहाणेनं स्वतःच कूस पालटली.

आई आली, तर सहाण पालथी पडलेली. "देवाची मर्जी, आज गुटी नको," म्हणत तिनं बाळाला नुसतं थोपटलं. तिन्हीसांजेला बाळ जागं झालं, चुटूचुटू दूध प्यालं आणि लाथ मारून त्यानं शेजारचं जायफळ उडवलं. घरंगळता घरंगळता जायफळसुद्धा हसत सुटलं.