चिमूटभर खाणं

“पण मासे का मेले? तेवढं सांगा ना, चाचा.”

एस्तेर रणभिसे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. दस्तगीरचाचा मात्र एका टाकीत हात घालून पिवळं पडलेलं पान खुडत होते. पान खुडून झालं. त्यांनी ते नीट न्याहाळलं आणि पुन्हा त्याच पाण्यात सोडून दिलं.

मिरज स्टेशनच्या मागं चाचांची पत्र्याची शेड होती. आत मांडण्यांवर चाळीसेक काचेच्या टाक्या, त्यांत हिरवीगार पाणझाडं आणि त्या झाडांतून फिरणारे मासे. चाचा मासे विकत, पण गिऱ्हाईक मनाला आलं तरच. नाही तर म्हणत, “नंतर या.” हे ‘नंतर’ कधी कधी वर्षभर चालायचं.

एस्तेरबाईंना ‘नंतर या’ ऐकायची सवय नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी सिस्टर म्हणून ऑपरेशन थिएटर सांभाळलं होतं. बाहेरची चप्पल आत आणली म्हणून नावाजलेल्या सर्जनला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मग मासे काय मरू देतात!

आणि तरी तीनदा मेले होते.

“कसं ठेवता?” चाचांनी विचारलं.

बाई सरसावल्या. “वाळू उकळून घेतली. गोटे उकळले. तुमची झाडं पोटॅशच्या जंतुनाशक पाण्यातून काढली. पाणी प्यायचं, मशीनचं. दर रविवारी अख्खी टाकी उपसून घासते. फिल्टरचा स्पंज वीस मिनिटं उकळते.”

“वीस?”

“घड्याळ लावून. माझ्या थिएटरात कधी कुणाचा टाका पिकला नाही, चाचा.”

“खरं आहे,” चाचा म्हणाले. “म्हणूनच मेले.”

बाईंचा चेहरा लाल झाला.

चाचांनी शेजारच्या टाकीतून एक स्पंज वर काढला. काळपट तपकिरी, बुळबुळीत. एस्तेरबाई नकळत एक पाऊल मागं सरल्या.

“दोन वर्षं नळाखाली धरला नाही हा. फारच तुंबला तर टाकीतलंच पाणी घेऊन त्यात हलका पिळतो. मासा हगतो, सिस्टर. ते विष असतं. हे आतले खातात ते.”

“आतले कोण?”

“दिसत नाहीत.”

“म्हणजे जंतू!”

“जंतूच.”

बाईंनी वाकून स्पंजाकडे पाहिलं.

“त्यांना तुम्ही दर रविवारी उकळता.”

चांगले जंतू असतात हे बाईंनी ट्रेनिंगला असताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि ते आपल्या घरात बसवून घेणं वेगळं.

“ठीक आहे. नाही उकळणार. आजच्याला सहा गप्पी द्या.”

“नाही.”

“चार द्या.”

“झाडं देतो. मासे महिन्यानं.”

“महिना!” बाईंचा आवाज एकदम चिरकला. “चाचा, महिना नाही हो जमणार...”

मग ती गोष्ट बाहेर आली. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे मिस्टर दानिएल यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. रेल्वेत गार्ड असलेला, गाडीभर गप्पा मारणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पहिल्यांदा मासे आणले त्या दिवशी त्यांनी आपणहून मान वळवली. झटक्यानंतर पहिल्यांदा. मासे मेले, मान पुन्हा भिंतीकडे गेली. दुसऱ्यांदा आणले तेव्हा उशिरानं वळली. तिसऱ्यांदा... जेमतेम.

“आता महिनाभर टाकी कोरी दिसली, तर ते परत वळायचेच नाहीत,” बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी घाईनं पुसलं.

चाचांनी हातातला स्पंज परत टाकीत सोडला.

“उद्या दुपारी येतो.”

दुसऱ्या दिवशी चाचा आले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झाडं आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा. दानिएलसाहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाचांनी त्यांच्या पाठीला सलाम केला.

टाकी लखलखत होती. काच आहे की नाही हे हात लावून बघावं लागावं.

झाडं लावायला बाईंनी थिएटरातला लांब चिमटा काढला. एकेक मूळ धरून वाळूत अलगद खोचलं. एक पान दुमडलं नाही.

“हात चांगला आहे,” चाचा म्हणाले.

बाई किती दिवसांनी हसल्या.

मग चाचांनी डबा उघडला. त्यातला तो काळपट स्पंज उचलला, टाकीवर धरला आणि पिळला.

“अहो! अहो, चाचा!”

तपकिरी ढग पाण्यात उतरला. झाडं दिसेनाशी झाली. बाईंनी टेबलावरची रबरी नळी झडप घालून उचलली.

“ठेवा ती.”

“चिखल केलात तुम्ही!”

“खाली जाईल. महिनाभर टाकीत हात नाही घालायचा.”

“काच तरी पुसू?”

“नाही.”

“पान सडलं तर?”

“सडू दे. आणि रोज सकाळी माशांचं खाणं टाकायचं. चिमूटभर.”

बाई बघतच राहिल्या. “मासेच नाहीत. खाणार कोण?”

“आतले,” चाचा हसून म्हणाले.

“अन् बाकी दिवसभर मी करू काय?”

चाचांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं. ते दानिएलसाहेबांच्या उशाशी, टाकीसमोर ठेवलं. डबा काखेत मारला आणि निघून गेले.

पहिला आठवडा वैतागाचा गेला. गाळ खाली बसला, पण पाणी दुधाळ झालं. बाईंनी दोनदा नळी हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. हात नुसते शिवशिवत. रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकत आणि मनात म्हणत, म्हाताऱ्याला वेड लागलंय, आणि मला त्याहून जास्त.

घासायला काही उरलं नाही, म्हणून त्या स्टुलावर बसू लागल्या. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आठ महिने आपण या माणसाला वेळेवर कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं, दिवसातून दोनदा चादर बदलली. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पण त्याच्याजवळ आपण बसलो नाही. एकदाही नाही. या विचाराची त्यांना लाज वाटली आणि लाज वाटली तरी त्या बसून राहिल्या.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाणी नितळ झालं होतं. कुणी केलं? कुणीच नाही. दोन जुनी पानं विरघळली होती आणि बुंध्याशी नखाएवढा नवा कोंब आला होता. बाई त्या कोंबाविषयी मोठ्यानं बोलू लागल्या; भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाशी, उत्तराची वाट न बघता. काल केवढा होता, आज केवढा. मग स्टेशनातल्या ओळखीच्यांची नावं निघाली, मग लग्नातला बँड निघाला, जो उलट्या दिशेच्या गाडीत बसून सांगलीला गेला होता.

मान कधी वळली ते त्यांना कळलंच नाही. बोलता बोलता त्यांनी पाहिलं, तर दानिएल टाकीकडे बघत होते.

बाई बोलायच्या थांबल्या नाहीत. थांबायचा धीर झाला नाही.

महिना भरला त्या दिवशी चाचा आले. हातात प्लास्टिकची फुगवलेली पिशवी, आत सहा गप्पी. दार उघडंच होतं.

काचेवर हिरवट साय आली होती. ती कुणी पुसली नव्हती. तिच्यातून जोंधळ्याच्या दाण्याएवढी एक गोगलगाय वर चढत होती. झाडांबरोबर अंड्यातून आली असावी. ती जाईल तिथं साय खरवडली जाई आणि मागं एक बारीक स्वच्छ वाट राही.

नवराबायको तिच्याकडे बघत होते. दानिएलसाहेबांचा डावा हात बायकोच्या हातात होता. त्यांनी त्यातलं एक बोट उचललं, काचेकडे केलं.

“ब...घ,” ते म्हणाले.

“बघते,” बाई म्हणाल्या. त्यांचे गाल ओले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

चाचा दारात उभे राहिले. बऱ्याच वेळानं बाईंचं लक्ष गेलं. त्या घाईनं उठू लागल्या, पण दानिएलसाहेबांनी हात सोडला नाही.

“चाचा...” त्या हळूच म्हणाल्या. “मासे आज नको सोडू या. ही वरपर्यंत पोचायची आहे अजून.”

चाचांनी पिशवी खिडकीच्या गजाला अडकवली. चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि स्टुलाच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली.

“सरका जरा, ताई,” ते म्हणाले. “मलाही बघू द्या.”