गळती आणि निचरा

एकदा एका व्यापाऱ्याने डोंगराच्या उतारावर जागा घेतली. गावात सपाट जागा नव्हती असे मुळीच नाही. पण 'उंचावरून खाडी दिसते' एवढ्यावरच स्वारी भुलली. डोंगर कापून त्याने घर बांधले, आणि मग घरामागे उघडी पडलेली मातीची उभी कड पाहून ती घरावर ढासळेल, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा त्याला भिकाजी आठवला.

भिकाजी हा वृद्ध आबा मिस्त्रींचा शिष्य. आबांचा उभा जन्म उतारावर भिंती बांधण्यात गेलेला. गुरूने शिकवले तसेच भिकाजीने केले. पाया खोल घेतला, सळया बांधल्या, दीड पुरुष उंच काँक्रीटची भिंत ओतली, तिच्यामागे खडी भरली आणि दर चार हातांवर भिंतीतून आरपार पाईप ठेवले. काम चोख झाले.

आषाढात त्या पाईपांतून तांबडे पाणी वाहू लागले, आणि व्यापाऱ्याचे डोके फिरले.

"अरे भिकाजी, भिंतीला गळती लागली!"

"गळती नव्हे शेठ, निचरा. डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर यावं म्हणूनच पाईप ठेवलेत."

दोन दिवसांनी पुन्हा निरोप. व्याही म्हणाले, नवी कोरी भिंत आणि गळते कशी? भिकाजीने पुन्हा समजावले. तिसऱ्या वेळी तर त्याने अंगणातल्या तुळशीपुढे शेठना उभे केले. "कुंडीला खाली भोक नसलं तर तुळस कुजते की नाही?" शेठनी मान डोलावली. भिकाजीला वाटले, सुटलो एकदाचा!

कसला सुटतोय! शेठची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या खोलीत वारा लागत नाही, म्हणून बाळबाळंतिणीची खाट तिथेच, भिंतीपासून जेमतेम पाच हातांवर. रविवारी बारसे ठरले आणि शेठ चौथ्यांदा म्हणाले, "पाहुण्यांपुढे ही रडकी भिंत? शोभतं का? ती गळती बंद कर बघू आधी."

भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचे माणसाने! तीनदा सांगून जीभ झिजली आणि हा मनुष्य अजून 'गळती'वरच. त्याने तिथल्या तिथे सिमेंट कालवले आणि एकेक पाईप बुजवून टाकला. "घ्या तुमची कोरडी भिंत!" आता खरे सांगायचे, तर त्या घटकेला तुम्ही-आम्हीही तेच केले असते.

बारशाला सारे म्हणाले, "वा, भिंत कशी ठणठणीत आहे!" भिकाजीने खाली मान घालून घुगऱ्या खाल्ल्या.

श्रावणात चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या सकाळी भिंतीला आडवी भेग दिसली आणि तिच्या खाली भिंतीचे पोट पुढे आले होते. शेठचा माणूस धावत सांगायला आला, तसा भिकाजी हातातले काम टाकून उठला. तो थेट आबांच्या दारात जाऊन उभा राहिला.

आबा आले. भिंतीच्या टोकाशी उभे राहून त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

"आहेच मुळी!" शेठ म्हणाले. "गळती कधीच बंद करून घेतली मी."

"कोरडी आहे म्हणूनच सांगतो, लेकीला आणि बाळाला आधी पुढच्या ओटीवर न्या. आत्ताच्या आत्ता. आणि तिकडेच थांबा सगळे."

घर रिकामे झाल्यावर आबांनी टेकू मागितले नाहीत की वाळूची पोती मागितली नाहीत. त्यांनी लांब पहार मागितली. टोकाला, भिंतीच्या बाजूला उभे राहून त्यांनी बुजवलेल्या पाईपावर घाव घातला.

"अहो, पडायला आलेल्या भिंतीला आणखी भोकं पाडता?" ओटीच्या कडेवरून मागे डोकावत शेठ ओरडले. "म्हातारा चळला की काय!"

तिसऱ्या घावाला सिमेंटचा बोळा सुटला आणि आतून तांबडे पाणी असे उसळले, की मागच्या खोलीच्या खिडकीवर जाऊन आपटले. एकेक पाईप मोकळा होत गेला. दुपारपर्यंत पाण्याचा जोर ओसरला आणि भेग होती तेवढीच राहिली. "दिवाळीनंतर ही भिंत उतरवून नवी बांधायची," आबा म्हणाले. "तोवर त्या खोलीत कुणी निजायचं नाही."

भिकाजी कधीचा धुमसत होता. "आबा, माझं काय चुकलं? तीन वेळा सांगितलं मी यांना! तीन वेळा!"

आबांनी पहार खाली ठेवली. "भिंत माती अडवायला असते, पाणी अडवायला नव्हे. हे शेठना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. पाईप बुजवले ते तू, रागाच्या भरात. आणि तुझ्या रागाखाली निजली होती ती बाळंतीण. तीनदा सांगितलंस म्हणतोस. अरे, डोंगरातलं पाणी तीनदा येऊन थांबतं का? ते कंटाळत नाही. मग त्याच्या वाटेवर राखण करणाऱ्याने कंटाळून कसं चालेल?"

ओटीवर बाळ रडू लागले होते, आणि ते रडणे ऐकून भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आले.

एवढ्यात शेठ भीत भीत भिंतीजवळ आले. पाईपांतून झिरपणाऱ्या पाण्याकडे पाहून त्यांनी विचारले, "आबा, सगळं खरं. पण नव्या भिंतीला ही गळती... राहणारच का?"

भिकाजीचे दात करकरले. त्याने आबांकडे पाहिले. आबा पहारीचा चिखल पुसत होते.

भिकाजीने एक दीर्घ श्वास घेतला आणि पायरीवरची जागा हाताने झाडली.

"बसा शेठ," तो म्हणाला. "गळती नव्हे ती. निचरा. सांगतो."