ओतलेला चहा

भक्कम विटांची ती इमारत रिकामी झाली होती. ती पाडायला होकार यायचा राहिला होता तो तिथे एकट्याच उरलेल्या प्रमिलाकाकूंचा. म्हणून बिल्डर घाटगे स्वतः ऐटीत आले.

"काकू, नवी इमारत एकदम पर्यावरणपूरक! वीज निम्मीच लागेल."

काकूंनी त्यांच्यापुढे ठेवलेला वाफाळता चहा उचलला आणि मोरीत ओतला.

"थांबा, कमी गॅसवर नवा करते."

"अहो, चांगला झालेला चहा ओतलात? त्याचा गॅस तर जळून गेला होता!"

"या भिंतींच्या विटाही कोळसा जाळूनच भाजल्यात. मग धडधाकट भिंती का पाडताय?"

घाटगे होकार न मागताच उठले.

"बसा हो," काकू हळूच म्हणाल्या, "पातेल्यात अर्धा कप उरलाय. फार दिवसांनी कुणी चहाला आलंय."