शेकरू खाली उतरले तेव्हा

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. झाडावरून झाडावर उड्या मारील, पण जमिनीला सहसा पाय लावणार नाही. हे शेकरू मात्र एका सकाळी खाली उतरले. साठवलेली सगळी फळे त्याने सशापुढे ठेवली. ज्या जांभळीवर ते वानराला फिरकू देत नसे, ती जांभळी त्याला देऊन टाकली. ससा म्हणाला, "असा दाता आपल्या जंगलात झाला नाही." वानर म्हणाला, "आणि महिनाभर तोंड पाडून बसलेलं आज कसं शांत दिसतंय बघ."

शेजारच्या माळावर एक म्हातारी टिटवी होती. तिला सगळे अपशकुनी म्हणत. तिला त्याची फिकीर नव्हती. ती तुरुतुरु आली. "दाता कसला? उद्यासाठी एक बी ठेवली नाही त्यानं. तुमच्या डोळ्यांत काय फळं भरलीत?" मग ती शेकरूजवळ गेली. "लेकरा, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का?"

ससा दचकला. "मावशी, असलं अभद्र बोलू नये. नसलेलं त्याच्या मनात यायचं."

"नसेल तर मला चार शिव्या देईल. खाईन मी. तू गप्प बस."

शेकरूने शेपटीत तोंड लपवले. मग म्हणाले, "आहे. कारण सांगता यायचं नाही. सकाळ झाली की नको वाटते." आणि महिन्याभरात पहिल्यांदा ते रडले.

टिटवीने उपदेश केला नाही. ते रडून होईपर्यंत ती तिथेच बसली. मग म्हणाली, "सांगितलंस, फार बरं केलंस. आता एकटं राहायचं नाही. माझे पाय फांदीवर बसायचे नाहीत, म्हणून वर वानर बसेल, खाली मी. आणि सशा, पळ, त्या म्हाताऱ्या अस्वलाला आण. अशा दुखण्यातून ते उठलेलं आहे, त्याला यातलं कळतं."

पुढचे दिवस सोपे नव्हते. शेकरू वानरावर खेकसे. वानर हलला नाही. अस्वल रोज येई, थोडे बोले, पुष्कळ ऐके. जांभळे पिकली तेव्हा शेकरूने आपणहून एक तोंडात टाकले.

त्या दिवशी ते टिटवीला म्हणाले, "मावशी, मी सगळं वाटलं तेव्हा सगळ्यांनी माझे गुण गायले. विचारलंस तू एकटीनं. आणि मी 'आहे' म्हटल्यावर उडून गेली नाहीस. तुझे उपकार मी विसरायचं नाही."

तात्पर्य : कोणी गप्प गप्प राहू लागले, आपल्या लाडक्या वस्तू वाटू लागले, तर कौतुक करून पुढे जाऊ नका. सरळ विचारा, ऐकून घ्या, जवळ थांबा आणि जाणत्याला बोलवा. विचारल्याने कोणी मरत नाही. न विचारल्याने मात्र जिवाभावाचे माणूस हातचे जाते.