रुमालाखालचा गुरुवार

"उद्या सूर्य मावळायच्या आत साऱ्या पेठेनं मला बाजाराचा एकच वार सांगायचा. एक म्हणजे एक! नाहीतर पेठ उचलून नदीपल्याड नेईन आणि हा हैबती दलाल राज्याबाहेर जाईल!"

महाराजांचा हुकूम एवढाच होता. पेठेत कापडाचा बाजार एका वारी, तेलाचा दुसऱ्या, गुळाचा तिसऱ्या. महाराजांची पालखी कधीही निघो, बैलगाड्यांत अडकायचीच. त्या सकाळी तर पालखीत गुळाची ढेप येऊन पडली होती.

यात हैबतीचा दोष काय? महाराजांनी विचारलं होतं, "या पेठेत माणसांचं जमवून कोण देतो?" सगळ्या व्यापाऱ्यांनी हैबतीकडे बोट दाखवलं. पेठेचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

हैबती गुरांच्या बाजारातला दलाल. त्याची लेक सगुणा म्हणजे पेठेतली नावाजलेली भित्री भागूबाई. तराजूचं पारडं आपटलं की दचकायची. एकदा स्वतःच्याच शिंकेला दचकली होती. हुकूम ऐकून तिला एकच प्रश्न पडला. आबांना हाकललं तर जायचं कुठं?

हैबती दिवसभर दुकानं हिंडला. सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे.

"सोमवार!" कापडवाले रेवणशेट ओरडले. "दुसरं नाव काढू नका!"

"मंगळवार!" तेलवाले सटवाजीशेट म्हणाले. "सोमवारात त्या रेवण्याचा काहीतरी डाव आहे."

"आपला शनिवार," गूळवाले मलाप्पाशेट म्हणाले.

"शनिवार का, शेट?"

"का ते मागनं ठरवू. आधी शनिवार लिहा!"

दिवेलागणीपर्यंत समजावून समजावून हैबतीचा घसा पार बसला. तो उंबऱ्यावर टेकला. सगुणानं त्याला गरम पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "आबा, बुधवारी घाटावरचा बाजार उठतो. गाड्या घाट उतरून गुरुवारी सकाळी इथं येतात. मग गुरुवार कुणीच कसा मागत नाही?"

"मागतील कसा?" हैबती घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पहिला भाव खरा सांगेल तो व्यापारी कसला? गुरुवार हवा असं कळलं, की समोरचा त्याच्या बदल्यात काहीतरी उकळणार. म्हणून सोमवार सांगायचा आणि घासाघीस करत गुरुवारावर यायचं."

"मग येत का नाहीत?"

"समोरचा आधी उतरेल म्हणून वाट बघतायत."

सगुणा विचारात पडली. "आबा, गुरांच्या बाजारात तुम्ही खरा भाव कसा काढता?"

हैबतीनं खांद्यावरच्या रुमालाला हात घातला आणि तिच्याकडे बघतच राहिला. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि रुमालाखाली जो खोटं बोलतो त्याच्याशी पुन्हा कुणी सौदा करत नाही.

सकाळी हैबती रुमाल घेऊन निघाला. सोमवारचं एक बोट, मंगळवारची दोन, असा हिशेब. तोंडानं सगळे आदल्या दिवशीचंच ओरडत होते. रुमालाखाली मात्र प्रत्येकानं चार बोटं दाबली. घरी येऊन हैबतीनं सगुणाला तीच चार बोटं दाखवली.

संध्याकाळी दरबार भरला. "बोल हैबती, काय ठरलं?"

हैबतीनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं सगुणाकडे पाहिलं. तेवढ्यात चोपदारानं काठी आपटली आणि सगुणा जागच्या जागी उडाली.

"गुरुवार!" ती उडता उडता म्हणाली.

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा, महाराज."

महाराज व्यापाऱ्यांकडे वळले. "काय हो शेट, गुरुवार ना?"

रेवणशेटनी सटवाजींकडे पाहिलं. सटवाजींनी मलाप्पांकडे.

"सोमवार!"

"मंगळवार!"

"शनिवार!"

"पोरी!" महाराज गरजले. "भर दरबारात खोटं बोलतेस?"

सगुणा दचकली, पण जीभ शाबूत होती. "मी खोटं बोलत नाही, महाराज. हा त्यांचा पहिला भाव आहे! चारचौघांत विचारलं की तोच मिळणार."

"आणि खरा भाव?"

"त्याला रुमाल लागतो. आणि... महाराजांचा हात." ती थोडी थांबली. "अंगठ्या काढाव्या लागतील. नाहीतर बोटं नीट कळत नाहीत."

महाराजांनी निमूटपणे अंगठ्या काढल्या आणि हात रुमालाखाली घातला. रेवणशेट आले. चार बोटं. सटवाजी आले. चार बोटं. एकेक करत सारी पेठ आली. सगळ्यात शेवटी मलाप्पाशेट.

महाराजांनी हात बाहेर काढून निरखून पाहिला. "गुरुवार," ते म्हणाले. "आणि थोडा गूळ."

मग मात्र महाराजांना जे हसू फुटलं ते आवरेना! व्यापारी जमिनीकडे बघत राहिले. हैबतीनं डोळे पुसले.

"हैबती राज्यातच राहील आणि पेठही जागची हलणार नाही!" महाराज म्हणाले. "आता तुझं बक्षीस. माग पोरी, काय हवं?"

"काही नको, महाराज."

"हा झाला पहिला भाव!" महाराजांनी रुमाल पुढं केला. "आता खरा सांग."

सगुणानं घाबरत घाबरत रुमालाखाली हात घातला आणि अख्खा पंजा महाराजांच्या हातावर पालथा ठेवला.

"पाच बोटं? पाच गावं मागतेस?"

"नाही, महाराज. छप्पर मागतेय. पंचक्रोशीतले सगळे व्यापारी बसतील एवढं. आत्ता भर रस्त्यात उभं राहून भांडतात, म्हणून तर पालखी अडकते. छपराखाली बसून भांडतील!"

महाराज पुन्हा इतके हसले, की चोपदाराच्या हातून काठी पडली आणि सगुणा पुन्हा उडाली. त्यांनी आपल्या खांद्यावरचा शेला काढून तिला दिला, पेठेच्या मधोमध सभामंडप बांधायचा हुकूम सोडला आणि व्यापाऱ्यांच्या सभेचा मध्यस्थ म्हणून हैबतीचं नाव तिथंच जाहीर केलं.

"मंडपाचं काम कधी सुरू करायचं, शेट?" महाराजांनी विचारलं.

"सोमवारी!" रेवणशेट म्हणाले.

"मंगळवारी!" सटवाजी म्हणाले.

महाराजांनी पुन्हा अंगठ्या काढायला घेतल्या.